तापमानाची वही

"कॉम्प्युटरवाला अल्पेश म्हणतो, प्रोसेसर बदला. म्हणजे बोर्ड बदला, रॅम बदला," उघड्या सीपीयूत बॅटरी मारत हर्षद म्हणाला. "मग जुनं राहिलं काय? डबा?"

"बाबा, दहा वर्षांचा झालाय तो. शनिवारी पाचच्या आत माझी फिल्म गेली पाहिजे. बदलूया ना," दिशा म्हणाली.

तिने चार मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म केली होती. ती वेळेत पोचली तर जर्मनीतल्या एका कॉलेजची शिष्यवृत्ती मिळण्याची आशा होती. वयाच्या अटीमुळे हे शेवटचंच वर्ष. पण फिल्मची अखेरची फाईल बनायला या मशीनला दहा तास लागायचे.

"मी स्पीड वाढवून देतो. ओव्हरक्लॉक करतात त्याला. तापेल, पण पळेल."

दिघीच्या धक्क्यावर बोटींचे जीपीएस दुरुस्त करण्यात हर्षदची हयात गेली होती. जुनी वस्तू टाकायची म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

दारात सुपारी सोलत बसलेली नूतन म्हणाली, "चालतंय ते चालवा की. मला काय कळतंय त्यातलं!"

बायकोला संगणकाचं एकच कळतं, असं हर्षद चारचौघांत हसून सांगायचा: तो झाकून ठेवावा. टीव्ही, मिक्सर, सगळ्यांना तिने कव्हरं शिवली होती. सीपीयूला जाड, मोर भरलेलं. दिशा ते काढून फेकायची, आई परत घालायची. बरण्यांचंही तसंच. प्रत्येकीवर तिच्या गोल अक्षरातली चिठ्ठी, तारखेसकट. थोरला केतन सहा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला, तो गणपतीलाही फिरकला नव्हता. त्याच्या नावाची लोणच्याची बरणी मात्र दर वर्षी भरली जायची.

हर्षदने स्पीड वाढवला. दहा तासांचं काम सहावर आलं. आता मशीन तग धरतं का, ते दिवसभर पळवून बघायचं होतं. दिशा म्हसळ्याला शिकवायला जायची, म्हणून त्याने नूतनला पडद्यावरचा तापमानाचा आकडा वाचायला शिकवलं.

"ऐंशीच्या वर गेला तर फोन कर. शंभराला तो आपण होऊन बंद पडतो."

"आणि मधेच पडला तर?"

"तर फिल्म पहिल्यापासून."

मंगळवारी तिने धक्क्यावर फोन करून सांगितलं, "एकाहत्तर." हर्षदने घरी येऊन आकडा वहीत लिहिला. बुधवारी तो आला तेव्हा मशीन बंद होतं.

"लाईट गेलेली," नूतन म्हणाली.

ही आठवण ठेवून त्याने शनिवारसाठी बोटीवरची बॅटरी आणून इन्व्हर्टर जोडला.

शनिवारी नऊला दिशाने काम सुरू केलं. बाराला हर्षदला धक्क्यावरून बोलावणं आलं. तो अडीचला परतला, तर दिशा काळ्या पडद्यासमोर फरशीवर बसलेली. आईने तिला गणपतीला नारळ ठेवायला पाठवलं होतं, ती येईपर्यंत हे होऊन बसलं होतं. सीपीयूवर मोरांचं कव्हर होतं. हर्षदने हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"शेजारच्या वाडीत पाला जाळत होते. राख आत येत होती, म्हणून घातलं," नूतन रडत म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं!"

काम सहा तासांचं, हातात अडीच.

"जाऊ दे, आई," दिशा म्हणाली. "आहे मी इथंच."

हर्षदला तिच्याकडे बघवेना. नवा प्रोसेसर घेतला असता तर इतका तापलाच नसता. त्याने नूतनच्या पाठीवर हात ठेवला. "तू रडू नकोस. माझाच हट्ट पोरीला नडला."

संध्याकाळी स्वयंपाकघरातून सांदणांचा वास येऊ लागला. दिशाला आवडतात म्हणून नूतनने केली होती. हर्षद वही घेऊन बसला. सवयच ती. शनिवारचा शेवटचा आकडा लिहायचा राहिला होता. पेन उठेना, म्हणून गिरगटून बघायला त्याने शेवटचं पान उघडलं.

तिथे गोल अक्षरात लिहिलं होतं: "बुधवार. कव्हर घालून बंद पडायला बावीस मिनिटं."