अहल्या, इकडे ये ना

“माफी मी मागतो. तू फक्त मान खाली घालून उभी राहा,” स्टाफरूमच्या दाराशी आप्पाजींनी नातीला बजावलं.

“पण अज्जा, मी काय केलं?” संहितानं विचारलं. पोर सात वर्षांची, पण प्रश्न वकिलाचा.

काय केलं? आदल्या दिवशी, दुसरीच्या भरल्या वर्गात, तिनं आपल्या बाईंना हाक मारली होती, “अहल्या, इकडे ये ना.” नुसतं नाव, आणि वर ‘ये’. शेजारच्या फ्लॅटमधल्या, तिच्याच वर्गातल्या प्रणीतनं ही बातमी बिल्डिंगभर पोचवली. संध्याकाळी बाईंचा निरोप आला, उद्या घरचं कोणीतरी भेटून जा. संहिताचे आईवडील दिवसभर व्हाइटफील्डच्या ऑफिसात. तेव्हा ही कामगिरी आप्पाजींच्या गळ्यात पडली.

संहिता स्वीडनमध्ये पहिली करून आली होती. तिथला सगळाच कारभार उलटा. बूट दाराबाहेर काढायचे, मोज्यांवर वर्गात बसायचं, आणि बाईंना बाई म्हणायचंच नाही. बाईंचं नाव लेना, तर लेनाच म्हणायचं. मुख्याध्यापकांनाही नावानंच हाक मारायची. त्यात कोणाचा अपमान होत नाही म्हणे. आप्पाजींना हे ऐकूनच घाम फुटला होता. ते वाढले त्या घरात नावं घ्यायची सोय नव्हती. स्वतःच्या आईचं नावसुद्धा त्यांना शाळेचा दाखला काढताना कळलं होतं.

खरी काळजी मात्र निराळीच होती. बेंगळूरच्या शाळेत आल्यापासून संहितानं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. इंग्रजी अर्धंमुर्धं, कन्नडच्या नावानं शून्य. बाई मूळच्या बेळगावच्या. त्या मराठीतून बोलून बघायच्या, तरी ही गप्पच. डबा जसाच्या तसा घरी यायचा. अखेर काल तोंड उघडलं, तर हे असं. आता बाईंनी झापलं तर पोर पुन्हा मिटून जाईल, हे आप्पाजींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून बाईंनी तोंड उघडायच्या आत आपणच वाकून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

अहल्या मिस खुर्चीत ताठ बसल्या होत्या. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, आणि कडक म्हणून ख्याती अशी, की सातवीतली मुलंही त्यांना लांबून पाहून शर्ट खोचायची.

“बसा की अण्णा.”

आप्पाजी बसले नाहीत. “स्वल्प ऐकून घ्या मिस. पोरीचा दोष नाही. त्या देशात रीतच तशी. आम्ही तिला रात्री नीट समजावलंय. आजपासून ती तुम्हाला मिसच म्हणेल. तुमचं नाव पुन्हा तिच्या तोंडून निघायचं नाही.”

संहितानं ओठ घट्ट मिटून घेतले.

मिसनी टेबलावरच्या पुस्तकांची चळत उगाच सरळ केली. “म्हणजे मला उशीरच झाला,” त्या म्हणाल्या. “तिला घरी रागावू नका, एवढंच सांगायला मी बोलावलं होतं.”

आप्पाजी आता बसले.

“गेल्या दिवाळीत माझी आई गेली. तिच्यामागं मला अहल्या म्हणणारं कोणी उरलं नाही बघा. घरी मी आई, काकी, आत्या. इथं मिस. आमच्या ह्यांचं तर पहिल्यापासून ‘अगं’वर भागतंय.”

आप्पाजी उगाच खाकरले.

“काल फळ्यावर लिहीत होते. मागनं हाक आली, आणि मी ‘आले गं’ म्हणून गेले. आईला म्हणायची तसं. पोरं हसली. मी मात्र खडू धरून तशीच उभी.” मग त्या संहिताकडे वळल्या. “वर्गात मिस म्हणायचं, नाहीतर उद्या तो प्रणीतही मला नावानं बोलावेल. पण शाळा सुटली की गेटापाशी मला एक हाक मारून जायची. चालेल?”

संहितानं मान वर केली. आधी अज्जाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“सरी, अहल्या,” ती म्हणाली. सरी म्हणजे बरं. ‘अज्जा’ सोडलं तर हा तिचा पहिला कन्नड शब्द. मग ती दप्तर उडवत वर्गाकडे पळाली.

आप्पाजी रिक्षा न करता चालत निघाले. नातीची काळजी मिटली होती, पण डोक्यात दुसरंच काही घोळायला लागलं होतं. त्यांची बायको मुलांची आई होती, नातीची अज्जी, दिरांची वहिनी आणि अख्ख्या बिल्डिंगची अक्का. तिचे आईवडील कधीच गेले. पाठीराखा भाऊ होता, तोही गेला. आणि आपण? आपणही इतकी वर्षं ‘अगं’वरच भागवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि बायकोची फार माया आली. भर रस्त्यात त्यांनी तिचं नाव एकदा पुटपुटून पाहिलं. भाजीवाल्यानं वळून बघितलं, तसे ते भराभर चालू लागले.

घराचं दार उघडंच होतं. आत मिक्सर घुरघुरत होता. चपला काढून त्यांनी घसा साफ केला. तरी नाव जिभेवर यायला वेळ लागलाच.

“रत्ना.”

मिक्सर थांबला. हात पदराला पुसत ती लगबगीनं बाहेर आली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. त्याला ओलांडून ती थेट दाराशी गेली, जिन्यात वाकून पाहिलं, आणि उजळल्या चेहऱ्यानं विचारलं, “माझ्या माहेरचं कोण आलंय?”