आधी लग्न पार पडू दे

क्रेडिट कार्डांची थकबाकी अगदी गळ्याशी आली, तेव्हा फोटोग्राफरने गुपचूप वकीलबाईंचं ऑफिस गाठलं.

"दिवाळखोरीचा अर्ज आजच करून टाकू," बाई म्हणाल्या.

"आज नको हो! पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. व्याही बडं प्रस्थ. त्यांच्या कानावर गेलं तर माझी काय अब्रू राहील? आधी लग्न पार पडू दे."

बाईंनी हसू दाबत लग्नानंतरची तारीख दिली. सुटकेचा श्वास सोडत तो बाहेर आला आणि दारातच थिजला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, फाइल पोटाशी धरून, व्याही बसले होते.

व्याही खुर्ची पुढे सरकवत कुजबुजले, "तुम्हीही लग्नानंतरचीच तारीख घेतलीत ना?"