सुखात बसलेला माणूस

डॉक्टर कानांवरचे हेडफोन काढून उठले, ते थेट दाराबाहेर. मुलाखत अर्धीसुद्धा झाली नव्हती.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मावशी दारातूनच म्हणाली. "माणूस चाळीस मिनिटं बाहेर उभा. बसायची खुर्ची, तर तिच्यावर वायरी वाळत घातलेल्या. आत घेतलंत, तर तेच ते तीनदा विचारलंत. बाप कसा गेला हे माणसानं तीनदा सांगायचं? का, तर म्हणे मशीनमध्ये आवाज फाटला. अगं, काळीज फाटलं असेल त्याचं!"

"मावशी, मशीन अडकलं होतं," भाची म्हणाली.

"अडकतं तुझं मशीन आणि भोगायचं पाहुण्यानं?"

भाचीचा पॉडकास्ट मावशीच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत चालायचा. मोठं काम करून म्हातारी झालेली माणसं बोलवायची, त्यांना बोलतं करायचं, ते जगाला ऐकवायचं. खोल्या मावशीच्या, म्हणून तोंडाचा पट्टाही मावशीचाच. शिक्षण चौथी, तीही अर्धी. पण तिच्यापुढं ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

"हे तिसरे उठून गेले," भाची रडवेली झाली. "पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापिका येणारेत. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. त्याही गेल्या तर गाशा गुंडाळायचा."

"कोण मुख्याध्यापिका?"

भाचीनं नाव सांगितलं. मावशी मटकन खुर्चीवर बसली. वायरींसकट.

"माझ्या वर्गाच्या बाई त्या," ती म्हणाली. "त्यांनीच पटावरून माझं नाव काढलं."

हे घरात सगळ्यांना पाठ होतं. दहा वर्षांची, वर्गात पहिली, तोंडी गणितात पोरांना पाणी पाजणारी पोर. एके दिवशी धाकटी भावंडं तिच्या कडेवर देऊन आई म्हणाली, उद्यापासून शाळा बंद. बाईंनी नाव काढलंय. म्हणाल्या, सुताराच्या पोरीवर खडू कशाला झिजवायचा? सांगताना आईचा आवाज फुटला होता. एकसष्ट वर्षं झाली, त्या खडूचा भुगा मावशीच्या घशातून उतरला नव्हता.

"मग नको बोलवूया त्यांना."

"बोलव. सगळी व्यवस्था माझी. आणि एक प्रश्न माझा. का काढलं नाव? त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मरायची नाही मी."

"कमाल आहे! पाहुण्याला सुखात ठेवा म्हणतेस आणि कोंडीत पकडतेस?"

"सुखात बसलेला माणूस खरं बोलतो, बाळ. अवघडलेला नुसता बरं बोलतो."

त्या आठवड्यात मावशीनं दोन्ही खोल्या धारेवर धरल्या. वायरी भिंतीच्या कडेनं गेल्या. मशीनची तपासणी पाहुणा यायच्या तासभर आधी, आणि तीही भाचीच्या आवाजावर. एक मशीन रुसलं तर दुसरं चालू हवं, म्हणजे कुणाला आपलं दुःख पुन्हा वाढायला नको. हातांची, ताठ पाठीची खुर्ची आली. पाहुणा बोलता बोलता थांबला, तर मनात दहा मोजायचे. मध्ये तोंड घालायचं नाही.

बाईंना फोन मावशीनंच केला, आपण कोण ते न सांगता. दुपारी झोपता कधी? ऐकू कितपत येतं? एखादी गोष्ट विचारू नये असं आहे का?

"काहीही विचारा," बाई पलीकडून हसल्या. "या वयात झाकून काय ठेवायचं?"

मावशीनं फोन आपटला. "झाकायला लाज लागते आधी!"

"अगं, मग त्यांच्यासाठी एवढी मरमर कशाला?"

"माझ्या घरात वैऱ्याच्याही घशाला कोमट पाणीच मिळतं."

बाई आल्या. मावशीनं त्यांचा कोपर धरून पायरी चढवली, खुर्चीत बसवलं, पायांखाली पाट सरकवला. बाईंनी तिच्याकडं पाहून मान हलवली. ओळख लागली नाही. कशी लागावी? ज्या पोरीवर खडू झिजवायचा नाही, तिचं तोंड कोण लक्षात ठेवतं?

मुलाखत लोण्यातून सुरी जावी तशी चालली. बाई मोकळ्या झाल्या, हसल्या, एकदा तर टेबलावर ठेका धरून पाढा म्हणाल्या. "पुष्कळ ठिकाणी नेलं मला," त्या म्हणाल्या, "पण सामान उतरवल्यासारखं नाही उतरवलं, ते इथंच." कोपऱ्यात हेडफोन लावून बसलेल्या मावशीनं भाचीला डोळ्यांनी ढोसलं.

भाची पुढं सरकली. "बाई, तुमच्या अगदी सुरुवातीच्या वर्गात एक मुलगी होती. सुताराची. चौथीत तिचं नाव पटावरून काढलं गेलं."

बाई गप्प झाल्या. भाची काही बोलणार, तोच मावशीनं हात वर केला. एक, दोन, तीन. दहा मोजून झाले. वीसही झाले.

"काढलं," बाई म्हणाल्या. "माझ्याच हातानं काढलं."

मावशीची मान ताठ झाली. तिला राहवलं नाही. "का?" ती कोपऱ्यातूनच कडाडली. "काय बिघडलं होतं तिचं?"

बाई तिच्याकडं वळल्या. "तुम्ही ओळखत होता तिला?"

"शेजारची होती."

"मग तुम्हाला ठाऊकच असेल." बाईंचे डोळे भरून आले. "तिच्यासारखी मुलगी मला पुन्हा मिळाली नाही. शाळेत येईना म्हणून, बदलीच्या गावी निघायच्या आधी, तीनदा घरी गेले, पुस्तकं घेऊन. दोनदा आई म्हणाली, घरी नाही. तिसऱ्यांदा आई बाहेर आली, दार मागं ओढून घेतलं आणि माझे हात धरून रडायला लागली. म्हणाली, बाई, आता येत जाऊ नका. पोर परवाच तापात गेली."