ताग्याचं कापड

टेम्पोतून कापडाचे तागे उतरायला लागले, तेव्हा वैष्णवीला वाटलं, माउलीदादा चुकून दुसऱ्याच कुणाचा माल घेऊन आला आहे. गोधडीसाठी ती भोरच्या दुकानातून दोन-दोन मीटर कापड आणायची, तेही घासाघीस करून. आज मात्र ओटीवर करड्या, तपकिरी, गडद निळ्या रंगांचे तागे रचले जात होते. त्यांच्यामागून शिंप्याकडच्या कातरणांची पोती आली, दोऱ्याच्या रिळांचे खोके आले, सुयांची पुडकी आली.

"आत्या, एवढं कुणाचं?" तिनं सासूला विचारलं.

"तुजंच," साळूबाई म्हणाल्या. "ताग्यानं घेतलं की लई सवस्त पडतं. सुटं सुटं घिऊन त्या दुकानदाराचं घर भरायचं व्हय?"

मिठाचा पुडाही पुरवून वापरणाऱ्या साळूबाईंनी यासाठी दोन शेळ्या विकल्या होत्या. माउली, वैष्णवीचा भाऊ, भोंगवलीहून पुण्याला टोमॅटो पोचवायचा. परतताना टेम्पो रिकामाच असायचा, त्यामुळे भाडंही वाचलं होतं. सासूनं आणि भावानं हे सगळं फोनवर परस्पर ठरवलं होतं. आपल्याला न विचारता का होईना, आपल्यासाठी कुणी काही ठरवतं आहे, याचंच वैष्णवीला बरं वाटलं.

नवरा कुमार वारल्यापासून तिला एकाच प्रश्नानं घेरलं होतं. पदरी मूलही नाही. राजगडाच्या पायथ्याच्या पालीतल्या या घरात आपल्याला किती दिवस राहू देतील? माहेरी जाण्यात अर्थ नव्हता. दिवाळीला गेली होती, तर तिनं तोंड धुवायच्या आत भावजयीनं तिचं अंथरूण गुंडाळून ठेवलं होतं. साळूबाईंनी तिला कधी जा म्हटलं नव्हतं. राहा, असंही कधी म्हटलं नव्हतं.

आता त्या न म्हणताच म्हणाल्या होत्या. जाणाऱ्या माणसापुढं कुणी एवढं सामान आणून टाकत नाही. त्या दिवशी वैष्णवी खूप दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवसापासून ती शिवायला बसली. घरची गोधडी घालायची तर तिच्या पोटात घरातल्या माणसांचं वापरलेलं कापड घालतात. वैष्णवीनं कुमारचे दोन सदरे काढून ठेवले होते. साळूबाईंनी ते उचलून बाजूला ठेवले.

"ह्यात घरचं कापड नगं. इकतचंच घाल."

लेकाच्या सदऱ्याला कात्री लागलेली म्हातारीला बघवणार नाही, हे वैष्णवीला कळलं. तिनं हट्ट धरला नाही. मापाचंही तसंच. तिला जोडप्याला पुरेल अशी रुंद गोधडी शिवायची सवय होती. साळूबाई म्हणाल्या, लांबी ठेव, रुंदी एका माणसापुरती कर, कापड वाचतं. ताग्यातून कापड बेतताना वैष्णवीला ते पटलं. अगदी थोडं वाया जात होतं.

शेजारची रत्ना दारात येऊन उभी राहायची. "सासूनं कारखानाच टाकून दिला की गं. आता आमाला कामावर ठीव."

"ठीवते की. पगाराचं तेवढं आमच्या मालकीणबाईंना इचार."

साळूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दीर गोरख राजगडावर येणाऱ्यांना अंगणात पिठलं-भाकरी जेवू घालायचा. जेवून ती मंडळी गावातल्या देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर पथाऱ्या टाकायची. हंगाम तोंडावर आला होता, तरी गोरखनं वेळ काढून वैष्णवीच्या खोलीला चुना दिला, खिडकी मोठी केली, दोन नवे दिवे लावले. "वहिनी, उजेड पायजे की," एवढंच तो म्हणाला. वैष्णवी खिडकीशी बसून धावदोरा घालायची आणि मनातल्या मनात गिऱ्हाइकं शोधायची. कापूरहोळचे ढाबेवाले बाजांवर टाकायला गोधड्या नक्की घेतील. एकदा तिनं तसं बोलूनही दाखवलं.

"इकायचं मागनं बगू," साळूबाई म्हणाल्या. "आदी समद्या हुंद्यात."

एका रविवारी गडावरून उतरलेल्या एका मुलीनं दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीवरून हात फिरवला आणि किंमत विचारली. वैष्णवी तोंड उघडणार, तोच साळूबाईंनी नाही म्हणून सांगितलं. म्हातारी चांगल्या भावासाठी थांबली आहे, असं वैष्णवीनं धरलं. व्यवहार तिला आपल्यापेक्षा जास्त कळतो. ताग्यांचंच बघा ना.

बोटांना घट्टे पडले. मान अवघडली. तिनं कुणाकडं तक्रार केली नाही. गोधड्यांची चळत खोलीच्या भिंतीला लागून वाढत गेली, तसतशी तिची झोप शांत होत गेली. पोत्यांतली कातरणं संपत आली, तेव्हा पुढच्या खेपेला कुठले रंग मागवायचे, तेही तिनं ठरवून टाकलं.

शेवटच्या गोधडीची चौथी कड शिवून झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माउलीचा टेम्पो अंगणात उभा होता. कापूरहोळला जायचं, हे कुणी सांगायला नको होतं. वैष्णवीनं बरं लुगडं नेसलं, केस नीट बांधले आणि छातीशी मावतील तेवढ्या गोधड्या घेऊन ती बाहेर आली. माउली टेम्पोच्या चाकाकडे बघत उभा राहिला. मागचा फाळका उघडायला पुढं झाला नाही.

साळूबाईंनी ओटीवरून उतरून तिच्या हातातल्या गोधड्या घेतल्या. एकेक नीट पारखून पुन्हा घडी केली.

"ह्या न्हाई न्यायच्या," त्या म्हणाल्या. "शनवारपासनं तुज्या खोलीत गडावरची पावणी मुक्कामाला येत्यात, त्यास्नी हातरायला हाईत ह्या. माउली तुला न्यायला आलाय."