धाकटीचा हत्ती

भास्करनं हत्तीच्या सोंडेवर बारीक करवत धरली, तशी कमल ओरडली, "भावोजी, हळू! दुखेल की त्याला!"

"मग तू फुंकर घाल," भास्कर हसून म्हणाला.

वासंती पाळण्याची दोरी ओढत आतून बघत होती. माहेरी धारला सगळ्यांनी मिळून जादूच्या कंदिलाचा खेळ पाहिला होता. पडद्यावर गजेंद्र सोंड हलवायचा, मगर त्याचा पाय ओढायची आणि कमल टाळ्या पिटायची. तोच देखावा भास्करनं फळीवर रंगवला होता, आणि आता त्याचे वेडेवाकडे तुकडे कापत होता, पुन्हा जुळवायला. बायकोसाठी त्यानं कधी मोडका पोळपाटसुद्धा नीट केला नव्हता.

देवासला बिऱ्हाड नवं, लेक अंगावर पिणारी. मदतीला म्हणून धाकट्या बहिणीला तिनंच आणलं होतं. यंदा लग्नाची झाली होती कमल. हल्ली ती तुकडे जुळवत बसे आणि भात वासंतीच उतरवी.

एकदा ताक घेऊन ती ओसरीवर निघाली, ती दाराआडच थबकली. सासरे, तात्या, हलक्या आवाजात म्हणत होते, "थोरलीत आता राम नाही, भास्कर. काय पडलं तुझ्या पदरात?"

"धाकटीचं मन वळल्यात जमा आहे. हत्ती पुरा झाला की काम फत्ते."

"पण थोरलीला इतक्यात कळायला नको. बायकांत तर अक्षरही काढू नकोस."

पदरात पडलेली पोर पाळण्यात झोपली होती. वासंती ताक तसंच घेऊन आत परतली.

दुसऱ्या दिवशी कमलनं तुकडे मोजून डब्यात भरले, वर लाल फडकं बांधलं. ती विहिरीवर गेली तशी वासंतीनं गाठ सोडली. सोंडेचा तुकडा काढला आणि चुलीत सारला. रंग चरचरला. गाठ तिनं होती तशी मारली.

शेजारच्या भवानीबाई इंदूरला निघाल्या होत्या.

"भवानीबाईंबरोबर जा," वासंती कमलला म्हणाली. " पुढं धारला पोचवतील. माई एकटी आहे."

"ताई, माझं काय चुकलं गं?"

"काही नाही. बाळीला खाली ठेव."

बाळीनं मावशीचा पदर मुठीत धरला होता. वासंतीनं एकेक बोट सोडवलं. बाहेरून टांगेवाला ओरडला, "चलो बई, देर हो री हे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भास्कर पागोटं घालून, डबा काखेत मारून निघाला. वासंती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"कुणाला नेताय? तुमची धाकटी तर गेली धारला."

"कोण, कमल?" तो हसला, मग इकडेतिकडे बघत आवाज उतरवून म्हणाला, "अगं वेडे, देवासला राज्यं दोन नाहीत का? आपण राहतो ती थोरली पाती, रस्त्यापलीकडं धाकटी. आज धाकटीच्या कारभाऱ्यांसमोर हा हत्ती जुळवून दाखवला, की तिथली चित्रकलेच्या मास्तरची जागा आपली!"