बिरागो म्हणजे न लावलेली पानं

छापखान्यातला पहिला दिवस संपवून नात तणतणतच घरी आली.

"आजी, माझं नाव ऐकून सगळे पोट धरून हसले. कुमासीतल्या त्या छापखान्यात क्रमाने न लावलेल्या पानांच्या ढिगाला 'बिरागो' म्हणतात! मालक सांगत होते, पूर्वी एक अडाणी बाई पानं लावायची. एका माणसाच्या मयताला वाटायच्या पुस्तिकेत पानांवर आकडे नव्हते, तर तिने नुसते फोटो बघून श्रद्धांजल्या लावल्या. बायकोची पहिली हवी, तर म्हातारी आई पहिली आणि बायको मागे! बायकोने चारशे प्रती आणून दारात फेकल्या. तेव्हापासून तिचंच नाव त्या ढिगाला पडलं."

"मग काय, आईला मागे बसवायचं?" मी जेवणाच्या फुफूचं भांडं खाली ठेवत म्हणाले. "वयाने मोठी तीच ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. आमच्या रीतीप्रमाणे तिच्या बापाने तिला आपल्या आईचं, म्हणजे माझं नाव दिलं होतं. साठाव्या वर्षी मला अक्षरं तिनेच शिकवली होती.

"ती बाई तू होतीस?"

"मीच."

मग तिने मला पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाली, "उद्यापासून मी तिथे माझं चर्चमधलं नाव सांगते."