भर नदीत

ईश्वरप्पा सरांनी शेजारच्या खुर्चीवर हात फिरवला. खुर्ची रिकामी होती.

"युवराज, केराबाई कुठंय?"

"चहाचं बघत असतील की, सर," प्रकाशक युवराज पलीकडून म्हणाला.

त्यांचं घर सांभाळणारी केराबाई त्यांना व्यासपीठावर बसवून, पाणी आणते म्हणून गेली, त्याला तास उलटला होता. जाताना तिने त्यांच्या झब्ब्याच्या खिशात काहीतरी जड टाकलं होतं. सरांनी आता चाचपून पाहिलं. घराच्या किल्ल्या. तीस वर्षं त्या तिच्याच कमरेला होत्या.

सात रस्त्याजवळचं ते सभागृह भरलं होतं. शाल-श्रीफळ झालं. इतिहासाच्या निवृत्त शिक्षकाने दृष्टी गेल्यावरही पुस्तक पुरं केलं, याचं प्रत्येक वक्त्याला कौतुक होतं. पुस्तक एडवर्ड कोल्स या अमेरिकन माणसाचं चरित्र होतं. त्याला वारसाहक्काने गुलाम मिळाले. १८१९ साली त्यांना नावेत बसवून तो ओहायो नदीतून निघाला आणि भर नदीत म्हणाला, तुम्ही मोकळे आहात. पुढे तो इलिनॉयचा गव्हर्नर झाला.

सर सांगत, केराबाई संगणकावर टंकायची आणि वाचून दाखवायची. स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं मोठ्याने. सर हयगय खपवून घेत नसत. फाईलला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, छापण्याआधीची मुद्रितंही तीच वाचणार, असं त्यांनी युवराजला बजावलं होतं. मधूनच तिला न्यायला दुधनीहून तिचा भाऊ बिरप्पा यायचा. सर म्हणायचे, एवढं प्रकरण होऊ दे. बिरप्पा चहा पिऊन परत जायचा.

नावेचं प्रकरण लिहिताना तिचे हात थांबले होते.

"अन् नावेत बसायच्या आदीच का न्हाय सांगितलं त्यानं, सर?"

"काठावर सांगितलं असतं तर कुणीतरी अडवलं असतं. असली गोष्ट मध्यावर गेल्यावरच सांगावी."

"हे बी लिवू का?"

"नको. हे आपलं आपल्यात."

सर हसले होते. तीही हसली असावी. त्यांना दिसलं नव्हतं.

"आता प्राचार्य दानेश्वरी मॅडम अर्पणपत्रिका वाचतील," निवेदक म्हणाला.

सर सावरून बसले. ती ओळ त्यांची आवडती होती: 'घरच्या माणसासारखी राबलेल्या केराबाईस.' तिने ती दोनदा वाचून दाखवली होती, पूर्णविरामासकट. आता नाव घेतलं की ती उठून उभी राहील, लोक टाळ्या वाजवतील. नेमकी आत्ताच गेली कुठं?

मॅडमनी पान उलटलं. माइकवर नुसता त्यांचा श्वास ऐकू आला.

"सर, हे..."

"वाचा की."

मॅडम वाचू लागल्या. आवाज हळूहळू खाली गेला, पण माइक चालू होता.

"'केराबाई ज्ञानबा, दुधनी, हिला. अकरा वर्षांची असताना शाळेत घालतो म्हणून आणली. शाळेत घातली नाही. सरांची नजर गेली, तेव्हा एकोणचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकवली, कारण वाचून दाखवायला कुणी नव्हतं. घरी जाऊ का, असं सात वेळा विचारलं.'"

कुणीतरी खुर्ची सरकवली. युवराजने पुढ्यातली प्रत उघडून तेच पान काढलं आणि झाकलं. सरांच्या मुठीत किल्ल्या होत्या.

"अजून एक ओळ आहे," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी वाचली.

"'सर, तुम्ही हे ऐकाल तेव्हा माझ्या दुधनीच्या गाडीने होटगी स्टेशन सोडलेलं असेल.'"